मामा, कापू का?

भाच्याने तीनदा विचारलं, "मामा, कापू का?" तिन्ही वेळा मी "नको" म्हणालो. पहिला नकार मार्चमधला, फोनवर, एका शब्दात. दुसरा जूनमधला, व्हॉट्सअ‍ॅपवर, हाताने काढलेल्या आकृतीसकट. तिसरा ऑगस्टमधला, आणि तो मी चिडून दिला. टूलरूममध्ये ३१ वर्षं काढलेल्या माणसाला तेव्हाच स्वतःची शंका यायला हवी होती. ज्याचं माप बरोबर असतं तो चिडत नाही, गुपचूप गेज पुढे करतो.

कापायचा होता त्याच्या रायफलीचा घसा.

मी रायपूरला चौबे कॉलोनीत राहतो. पुण्याचे पाहुणे 'कॉलनी' म्हणतात. आम्ही हिंदीच्या शेजाराने 'कॉलोनी' म्हणायला लागलो ते अजून म्हणतोच आहोत. महाराष्ट्र मंडळ इथेच आहे, १९३५ साली स्थापन झालेलं, त्यामुळे मराठी बोलायला माणूस मिळतो. ऐकून घ्यायला मिळेलच असं नाही. नोकरी केली भिलाईच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात, रोज लोकलने जाऊन-येऊन. जिग, फिक्स्चर, गेज, बुश हे आमचं काम. इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही 'थाउ' म्हणतो, आणि दोन थाउंवरून मी माणसांशी महिनाभर अबोला धरलेला आहे. निवृत्त झाल्यावर सल्ला मागणारं कुणी उरलं नाही. घरात नळ गळला तरी फोन प्लंबरला जातो. अशात एक दिवस भाचा म्हणाला, "मामा, एक ड्रॉइंग पाठवतोय, जरा बघशील?" मी चष्मा पुसून बसलोच.

भाचा अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला असतो. चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि सुटीच्या दिवशी फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची मोठी शूटिंग रेंज आहे, तिथे मुक्काम. एफ-क्लास नावाचा खेळ खेळतो. जॉर्ज फार्कर्सन नावाच्या कॅनेडियन नेमबाजाच्या आडनावातला हा 'एफ'. पोटावर झोपायचं, रायफल टेकूवर ठेवायची, वर दुर्बीण, आणि हजार यार्डांवरचं लक्ष्य. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १० इंच व्यासाचं, आणि त्याच्या आत ५ इंचांचं एक्स. आपल्या भाषेत सांगायचं तर एक किलोमीटरभर लांब ठेवलेलं जेवणाचं ताट, आणि त्यातली वाटी.

नागपूरची धाकटी बहीण, त्याची आई, मला म्हणते, "दादा, त्याला ह्या नादाला तूच लावलंस." हे खरं नाही. नाद त्याचा त्यानेच लावून घेतला. पण नादात चुकीचा सल्ला देण्याचं काम मी केलं, ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. ती रायफल मी आजवर हातात धरलेली नाही. तिकडे आपल्याला हवी तशी नळी विकत घेऊन, आपल्या मापाचा रीमर, म्हणजे भोक कोरायचं हत्यार, घासून घेऊन, गनस्मिथकडून चेंबर कापून घेता येतं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय बंदूक बनवणं सोडाच, दुरुस्त करणंही गुन्हा आहे, आणि काडतुसाचे सुटे भागही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. शेजारच्या गल्लीतल्या परवानाधारक आजोबांना निवडणूक आली की आपली बंदूक ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. ती पावती ते देवघरात ठेवतात. त्यामुळे "एक नमुना पाठव रे" असं मी भाच्याला कधी म्हणालो नाही. माझं सगळं ज्ञान फोटो, ड्रॉइंग आणि व्हिडिओ कॉलवरचं. तरीही ठामपणा मात्र लेथसमोर उभा असल्यासारखा.

आता घसा म्हणजे काय ते सांगतो. काडतुसाचे दोन मुख्य भाग डोळ्यांना दिसतात: पितळेची पुंगळी आणि तिच्या तोंडात, म्हणजे मानेत, दाबून बसवलेली गोळी. पुंगळी नळीच्या मागच्या टोकाला तिच्याच आकाराच्या पोकळीत बसते, ते चेंबर. नळीत पुढे पिळाच्या खाचा असतात; खाचांच्या मधले उंचवटे म्हणजे लँड, जे गोळीला पकडून फिरवतात. पुंगळीचं तोंड संपतं तिथून लँड पूर्ण उंचीला येईपर्यंतचा जो भाग, तो थ्रोट, घसा. त्यात आधी एक सरळ गुळगुळीत तुकडा असतो, त्याला फ्रीबोर म्हणतात, आणि मग बारीक कोनातला उतार, ज्यावरून लँड हळूहळू वर येतात. बार उडाला की गोळी पुंगळी सोडते, हा घसा ओलांडते आणि लँडमध्ये शिरते. ह्या उडीला नेमबाज 'जंप' म्हणतात. माझा सगळा राग ह्या जंपवर होता.

तो राग कुठून आला हेही सांगायला हवं, कारण त्यात दोष कुणाचाच नाही. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आमच्या कट्ट्यावर तीन-चार दिवस दुसरा विषय नव्हता. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं होतं, म्हणजे कोल्हापूरचं पाणीच वेगळं, इथपासून सुरुवात होऊन गाडी तांबड्या-पांढऱ्या रश्शापर्यंत पोचली. त्या घोळक्यात पॉइंट टू-टू रायफल मारणारा एक मुलगा होता. त्याने मला समजावलं की स्पर्धेच्या टू-टू रायफलीचं चेंबर इतकं घट्ट कापलेलं असतं की काडतूस आत सरकवतानाच गोळीचं टोकाकडचं अंग लँडमध्ये शिरतं. न झाडता काडतूस परत काढलं तर शिशावर बारीक व्रण दिसतात. म्हणजे जंप शून्य.

मला ते ऐकून काय आनंद झाला! बघा, मी म्हटलं, फिट घट्ट असलं की काम नेमकं होतं, जगात कुठेही जा. घरी येईपर्यंत माझा सिद्धांत तयार होता: घसा जितका आखूड तितकी रायफल चांगली, घसा लांब म्हणजे ढिलाई.

त्याच दिवाळीत भाच्याने नवी रायफल बांधायला घेतली. काडतूस ६.५ क्रीडमोर, हॉर्नाडी कंपनीने २००७ साली आणलेलं. त्याच्या प्रमाणित चेंबरचं फ्रीबोर १९९ थाउ, म्हणजे पाच मिलिमीटरच्या जवळपास. तेव्हा भाचा १२३ ग्रेनची गोळी वापरत होता, आखूड आणि हलकी. रीमरच्या ड्रॉइंगवर फ्रीबोरचा आकडा रिकामा होता. मी विचारलं, ह्या गोळीला किती पुरेल? तो म्हणाला, १२० पुरावं. मी म्हटलं, मग १२०च, एक थाउ जास्त नको. ड्रॉइंगवर तांबड्या शाईने 'ओके' लिहून, खाली तारीख घालून, फोटो काढून पाठवला. तिकडच्या गनस्मिथने नळी तशीच कापली. काम सफाईदार होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे गडबड झाली तेव्हा पहिला दोष मी त्या बिचाऱ्या गनस्मिथलाच दिला होता.

गडबड हजार यार्डांच्या वाऱ्याने केली. हलकी गोळी वाऱ्यात वाहते, म्हणून भाचा १४७ ग्रेनच्या गोळीवर गेला. वजन फार नाही. जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हा ही गोळी पाऊण तोळ्याहून जराशी जास्त, आमच्या हिने लगेच हिशोब करून सांगितलं, "दहा मासे म्हणा की." पण ती साडेतीन सेंटिमीटरहून लांब, सुईसारख्या टोकाची. आणि घसा आखूड. आता त्याच्यासमोर दोनच मार्ग उरले. लँडला टेकू नये म्हणून गोळी पुंगळीत खोल दाबायची, तर तिचं बूड मानेच्या खाली उतरून दारूची जागा खातं. किंवा गोळी बाहेर ठेवायची, तर ती लँडमध्ये रुतून बसते. इकडे आड, तिकडे विहीर.

खोल दाबलेल्या गोळ्यांनी उन्हाळा सुरू होताच रंग दाखवला. फिनिक्सचं ऊन आमच्या रायपूरच्या मे महिन्याचं सख्खं भावंड, ४४-४५ अंश ठरलेले. गरम हवेत दारूचा दाब आणखी चढतो. बार उडाला की चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टचा दांडा उचलताना हाताला अडायला लागला, पुंगळीच्या बुडातल्या प्रायमरच्या, म्हणजे ठिणगीच्या टोपीच्या, कडा चपट्या झाल्या. ही दाब जास्त झाल्याची खूण, हे मलाही कळत होतं. मी म्हटलं, दारू कमी कर. त्याने केली. वेग उतरला, आणि जड गोळी घेण्यात जो फायदा होता तोच गेला.

मग त्याने गोळी बाहेर ठेवून पाहिली. त्या दिवशी सामना होता आणि त्याच्या बायकोने मला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. इकडे रात्रीचे साडेदहा. मधेच 'सीझ फायर'चा पुकारा झाला. अशा वेळी भरलेलं काडतूस बाहेर काढावं लागतं. भाच्याने बोल्ट मागे ओढला आणि पुंगळी आली, गोळी आली नाही. ती लँडमध्ये रुतून तिथेच राहिली, आणि पुंगळीतली दारू, काळ्या बारीक काड्यांसारखी, तिळाची वाटी लवंडावी तशी सगळी यंत्रात सांडली. बोल्टच्या खाचेत, ट्रिगरच्या फटीत. तो गुडघ्यांवर बसून कपड्याच्या टोकाने एकेक दाणा टिपत होता आणि शेजारचा एक म्हातारा गोरा गृहस्थ काही न बोलता आपला ब्रश त्याच्याकडे सरकवत होता. पुढून सळई घालून गोळी मागे ठोकून काढेपर्यंत त्याची पाळी निघून गेली.

मी इकडे फोन हातात धरून काय म्हणालो असेन? म्हणालो, "मानेची पकड ढिली ठेवली असशील."

म्हणजे गनस्मिथ झाला, दारू झाली, आता भाचा. ज्या ड्रॉइंगवर तांबड्या शाईत माझा ओके होता त्याचा फोटो त्याच्या फोनमध्ये होता. त्याने तो एकदाही मला दाखवला नाही. दाखवला असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

हे सगळं झाल्यावर ऑगस्टमध्ये त्याने तिसऱ्यांदा विचारलं, "मामा, घसा ९० थाउ लांबवला तर गोळीचं बूड बरोबर मानेत येतं. कापू का?" आणि मी तो चिडका नकार दिला. माझे मुद्दे तीन होते. एक, कापलेलं लोखंड परत येत नाही. दोन, लांब घशात गोळी लटपटते. तीन, वेदरबी. रॉय वेदरबी हा कॅलिफोर्नियातला रायफल बनवणारा. १९४० च्या दशकापासून त्याने आपल्या मॅग्नम काडतुसांना मुद्दाम लांब फ्रीबोर ठेवलं, त्याच्या .३०० मध्ये ते नऊ मिलिमीटरच्या आसपास होतं. त्यामुळे सुरुवातीचा दाब जरा कमी राहतो, जास्त दारू भरता येते, वेग वाढतो. तेव्हापासून लांब फ्रीबोर म्हणजे वेगासाठी नेमकेपणा विकणं अशी त्याची बदनामी झाली, आणि ती बदनामी मी वाचून पाठ केली होती. अर्धवट वाचलेलं माणसाला फार पाठ होतं.

भाच्याने वाद घातला नाही. फक्त एक वाक्य लिहिलं: "मामा, लांबी वाढतेय, व्यास नाही वाढत."

हे वाक्य मी वाचलं आणि फोन उलटा ठेवला. दोन दिवस त्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गणपतीच्या तयारीला माळा साफ करत होतो. मखराच्या थर्माकोलमागे माझा जुना लोखंडी डबा सापडला. निवृत्तीच्या दिवशी टूलरूमच्या पोरांनी आठवण म्हणून दिलेले नमुने त्यात होते, त्यात ड्रिल जिगचे कडक केलेले दोन बुश. भोक दोघांचं सारखंच, साडेसहा मिलिमीटरचं. एकाची लांबी आठ मिलिमीटर, दुसऱ्याची वीस. ज्याला हे काम माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो: ठरलेल्या जागी ठरल्या दिशेने भोक पडावं म्हणून ड्रिल ज्या पोलादी नळीतून घालतात ती बुश. डब्यात एक डॉवेल पिनही होती. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, आखूड बुशमध्ये पिन घातली आणि वरच्या टोकाला बोटाने हलवलं. टोक डुललं, डोळ्यांना दिसेल इतकं. मग तीच पिन लांब बुशमध्ये घातली. बोट दाबलं. हललंच नाही म्हणा ना.

भोक तेच. पिन तीच. फट तीच, अर्ध्या थाउची. आणि लांब बुशमध्ये पिन जास्त सरळ.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ही गोष्ट मी नव्या अप्रेंटिसला पहिल्या आठवड्यात शिकवत असे. "बुश आखूड घेतलास तर ड्रिल पळेल," हे वाक्य मी किती पोरांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. आणि त्याच्या रीमरच्या ड्रॉइंगवर फ्रीबोरचा व्यास स्पष्ट लिहिलेला होता: गोळी २६४ थाउंची, फ्रीबोर २६४.५ चं. म्हणजे बुशसारखंच, अर्ध्या थाउची फट. त्या आकड्यावरही माझा तांबडा ओके होता. लांब घसा गोळीला मोकळं सोडत नाही, व्यास नेमका असेल तर तो तिला हात धरून लँडपर्यंत नेतो. ढिलाई लांबीत नसते, व्यासात असते. 'फ्रीबोर' शब्दातल्या 'फ्री'ने मला फसवलं असावं. ही म्हणते, शब्दाने नाही, त्या कट्ट्यावरच्या पोराने. पण तो मुलगा आपल्या रायफलीबद्दल अगदी बरोबर बोलत होता. टू-टूची गोळी मऊ शिशाची, जेमतेम ४० ग्रेनची, दाब कमी, आणि काडतूस कारखान्यातून जसं येईल तसं वापरायचं. नेमबाज फार तर वेगवेगळ्या लॉटमधलं आपल्या नळीला कुठलं जमतं ते तपासतो. तिथला नियम तांब्याच्या कवचाच्या लांब गोळीला मी लावला. टाचणीच्या मापाने दाभण विकत घेण्यातला प्रकार.

त्या रात्री बसून वाचलं, ह्या वेळी पुरतं. लांब, कमी विरोधाच्या गोळ्या बनवणारी बर्गर नावाची कंपनी आहे. तिच्या त्या गोळ्यांबद्दल तिनेच सांगून ठेवलंय की लँडपासून १०, ५०, ९० आणि १३० थाउ अशा चार अंतरांवर गोळी बसवून आपल्या नळीला काय आवडतं ते बघा. १३० थाउ म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर उडी! गोळ्या विकणारेच हे सांगतात, आणि मी एकेक थाउसाठी भाच्याशी अबोला धरायला निघालो होतो.

कापलेलं परत येत नाही, हा मुद्दाही नीट तपासला तर अर्धाच उभा राहतो. घसा जास्तच लांब झाला तर नळी मागून थोडी तासून, आटे पुन्हा पाडून, चेंबर नव्याने कापतात. काम वाढतं, खर्च होतो, पण होतं. उलट आखूड घसा लांबवणं सोपं. म्हणजे सुरुवातीला आखूड ठेवणं ही चूक नव्हतीच. भोक आधी लहान ठेवा, मग वाढवता येतं, हे फिटरला रांगताना शिकवतात. ते वाढवायची वेळ आली तेव्हा मी आडवा पडलो, ही चूक. लहान ठेवण्याचं कारणच मी विसरलो होतो.

ह्यात आणखी एक गंमत आहे, आणि ती कळल्यावर मी एकटाच हसलो. भाच्याने बोअरस्कोपने काढलेले नळीच्या आतले फोटो मागेच पाठवले होते. मी ते नीट पाहिले नव्हते. घशाच्या सुरुवातीला पोलादावर भेगांची जाळी, मे महिन्यात आमच्या इथल्या रामकुंडाकडचं तळं सुकलं की चिखल जसा तडकतो हुबेहूब तशी. प्रत्येक बाराला तापलेला वायू तिथूनच जातो, त्या आगीने पोलाद तडकतं आणि झिजतं. लँडचं तोंड दर शे-दोनशे गोळ्यांगणिक थोडं पुढे सरकतं. अशा काडतुसाची नळी दोन-तीन हजार गोळ्यांनंतर स्पर्धेच्या कामाची उरत नाही, ती मुख्यतः ह्याच झिजेमुळे. म्हणजे ज्या घशाचा एक थाउही कापू नये म्हणून मी हटून बसलो होतो, तो माझ्या परवानगीशिवाय दर शनिवारी लांबतच होता. कितीतरी नेमबाज गोळी थोडी थोडी पुढे काढत ह्या पळत्या लँडच्या मागे जात राहतात.

गणपती बसले त्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. तिकडे सकाळ. म्हटलं, "काप."

तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, काय झालं?" मी बुशची गोष्ट सांगितली. ड्रॉइंगवरचा ओके माझा होता, तेही सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे ते." एवढंच.

कापणं तासाभराचं निघालं. गनस्मिथने नळी यंत्रापासून वेगळी केली. ह्या कामाला वेगळा थ्रोटिंग रीमर असतो, तो चेंबरला हात न लावता फक्त घसा पुढे नेतो. पुढे नळीच्या आतल्या मापाचा पायलट, त्यामुळे तो वाकडा जात नाही. बघा, इथेही बुशच! भाच्याने आधी एक काडतूस बिनदारूचं, बिनप्रायमरचं बनवलं होतं, त्यात गोळी अशी बसवली की तिच्या सरळ अंगाचा शेवट बरोबर मानेच्या खालच्या कडेला यावा. ते गनस्मिथला मापासाठी दिलं. आधी गोळी कुठे बसायची ते ठरलं, मग घसा. रीमर दर खेपेला पाचेक थाउच पुढे जात होता, बाहेर काढून तेलातले केसाएवढे चकचकीत कीस पुसायचे, पुन्हा आत. व्हिडिओत मला तो कीस दिसला आणि तेलाचा वास आल्यासारखं झालं. शेवटचे दहा थाउ त्याने जवळजवळ हाताच्या वजनावर घेतले. मला तो माणूस आवडला. फोनवर असतो तर सांगितलं असतं, मागे मी तुमच्याबद्दल काय काय बोललो ते.

फरक पडला का? हे विचारलं की भाच्याचं आणि माझं एकमत होत नाही. बोल्ट अलगद उघडायला लागला, उन्हातसुद्धा. तेवढीच दारू घालून वेग थोडा उतरला, कारण आत जागा वाढली. मग जागा होती म्हणून दारू सावकाश, मोजून, पुस्तकातल्या मर्यादेत थोडी वाढवता आली. रायफल रिकामी करताना गोळी आत राहणं बंद. पण लक्ष्यावरचा गोळ्यांचा घोळका? तो आधीच्या चांगल्या दिवसांपेक्षा लहान झालेला नाही. भाचा म्हणतो झालाय. मी त्याचे कागद फोटोवर मोजले, मला तरी दिसत नाही. हजार यार्डांवर वाऱ्याची एक झुळूक ओळखायला चुकली की घशाचे सगळे थाउ वाहून जातात. मी घसा लांबवण्याच्या बाजूला आलोय म्हणून त्याला चमत्काराची सर्टिफिकेटं देणार नाही. ह्या गोळीसाठी तो आखूड होता, आता पुरेसा आहे. बस.

आणि एका बाबतीत मी अजूनही जुनाच आहे. त्याच्या रेंजवरचे काही जण गुण घटले की नळी गनस्मिथकडे धाडतात, घसा थोडा पुढे घे म्हणतात, जणू दाढदुखीवर लवंग. कुठली गोळी, बूड कुठे येतंय, लँड कुठे आहे, हे न मोजता कापलेला घसा म्हणजे पैसे घालून केलेली झीज. ह्यावर माझं मत तांबड्या शाईतलं आहे, आणि कुणी बदलून दाखवलं तर बघू.

बहिणीला हे सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू चुकलास असं तू म्हणालास? तू?" मग तिने ते कॉन्फरन्सवर आणखी दोघींना ऐकवलं.

लांब बुश आता माझ्या टेबलावर असतो. हिने त्यात उदबत्ती लावून पाहिली, सरळ उभी राहते म्हणाली. आखूड परत डब्यात गेला.

गेल्या आठवड्यात भाच्याचा निरोप आला. ही नळी संपत आलीये, नवी मागवतोय, रीमरचं ड्रॉइंग पाठवलंय, फ्रीबोरचा रकाना रिकामा आहे. "मामा, ह्या वेळी किती लिहू?"

मी लिहिलं, "आधी गोळी कुठली ते ठरव."

आठवडा झाला. त्याचं अजून ठरत नाहीये.